रेंजर्सच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचं?

बँकेत तुमचे पाच हजार पौंड असोत की पाचशे, हातात पडणार वीस. 1970 साली नायजेरियाच्या पूर्व भागातल्या हजारो इग्बो जमातीच्या माणसांनी बँकेच्या खिडकीवर हा हिशेब ऐकला. युद्धाच्या काळात खात्यावर व्यवहार झाला होता ना, मग खात्यातली जुनी रक्कम विसरायची, हे वीस पौंड घ्यायचे आणि नव्याने सुरुवात करायची. अडीच वर्षांचं युद्ध नुकतंच संपलं होतं. 30 मे 1967 रोजी याच पूर्व भागाचा बियाफ्रा नावाचा स्वतंत्र देश जाहीर झाला होता, 15 जानेवारी 1970 रोजी त्याने शरणागती पत्करली. मधल्या काळात माणसं बंदुकीपेक्षा भुकेने जास्त मेली. मृतांचा आकडा कोणी दहा लाख सांगतं, कोणी तीस लाख. लष्करी राजवटीचे प्रमुख जनरल गोवोन यांनी जाहीर केलं की या युद्धात कोणी जेता नाही, कोणी पराजित नाही. वीस पौंड मुठीत घेऊन घरी निघालेल्या माणसाला मात्र आपण कोण हे कळलेलं होतं.

त्याच वर्षी एनुगू शहरात रेंजर्स हा फुटबॉल क्लब उभा राहिला.

एनुगू म्हणजे कोळशाचं शहर. 1949 साली तिथल्या इवा व्हॅली खाणीत ब्रिटिश पोलिसांनी संपकरी कामगारांवर गोळीबार केला आणि 21 जण मारले गेले. बियाफ्राची पहिली राजधानीही हेच शहर, आणि युद्ध सुरू झाल्यावर काही महिन्यांतच ते पडलं. अशा शहरात, घरांवर छपरं चढण्याआधी अकरा जणांचा संघ तयार झाला. त्या वेळच्या ईस्ट सेंट्रल राज्याच्या सरकारने आधार दिला. पुढे चिन्ह आलं हरिणाचं, टोपणनाव पडलं ‘फ्लाइंग अँटिलोप्स’, म्हणजे उडती हरणं.

1972 मध्ये नायजेरियाची राष्ट्रीय लीग सुरू झाली. 1974 आणि 1975 ची लीग रेंजर्सने जिंकली. देशातला सर्वांत जुना चषक, चॅलेंज कप, 1974, 1975 आणि 1976 असा लागोपाठ तीनदा एनुगूला आला. 1975 मध्ये हा संघ आफ्रिकेच्या चॅम्पियन क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि गिनीच्या हाफियाकडून हरला. हाफिया त्या दशकातला आफ्रिकेतला सर्वांत बलाढ्य क्लब, त्यामुळे त्या हरण्यातही मान होता. दोन वर्षांनी 1977 च्या आफ्रिकन कप विनर्स कपमध्ये उपांत्य फेरीत समोर आला इबादानचा शूटिंग स्टार्स, म्हणजे योरुबा जमातीच्या पश्चिम नायजेरियाचा लाडका आणि आदल्या वर्षीचा विजेता संघ. निकाल पेनल्टींवर लागला आणि रेंजर्स जिंकला. अंतिम फेरीत कॅमेरूनच्या कॅनन याउंदेला दोन सामन्यांत मिळून 5-2 ने हरवून त्यांनी चषक आणला. लीगही त्याच वर्षी परत एनुगूला आली.

शरणागतीला आठ वर्षंही झाली नव्हती. 1972 च्या स्वदेशीकरणाच्या हुकमाने परदेशी कंपन्यांचे भाग नायजेरियन माणसांना विकायला काढले, तेव्हा ते विकत घ्यायला इग्बो माणसाच्या गाठीला पैसा नव्हता. पोर्ट हारकोर्टमधली त्यांची घरं ‘बेवारस मालमत्ता’ ठरवून दुसऱ्यांच्या ताब्यात गेली होती. सैन्यात आणि सरकारी नोकरीत दारं अर्धीच उघडी होती. नियम सगळ्यांना सारखे, पंच शिट्टी वाजवणार आणि नव्वद मिनिटांनी फलकावर जे आकडे असतील ते देशाला मान्य करावे लागणार, अशी जागा त्यांना फुटबॉलच्या मैदानावरच मिळाली. एनुगूच्या नामदी अझिकिवे स्टेडियमला लोक आजही ‘कॅथेड्रल’ म्हणतात. कॅथॉलिक वळणाच्या समाजाने मैदानाला उगीच हे नाव दिलेलं नाही.

या संघाचा कणा होता ख्रिश्चन चुकवू. बचावफळीत उभा राहून सगळ्या मैदानाला हाक मारणारा कर्णधार, म्हणून त्याला ‘चेअरमन’च म्हणायचे. त्याच्या मागे गोलमध्ये इमॅन्युएल ओकाला, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा उंच माणूस. 1980 मध्ये लागोसला आफ्रिकन नेशन्स कपचा अंतिम सामना झाला, नायजेरियाने अल्जेरियाला 3-0 ने हरवलं आणि देशाचा हा पहिला आफ्रिकन चषक उचलला तो चुकवूने. दहा वर्षांपूर्वी ज्या शहरातून बियाफ्रावरच्या चढाईचे हुकूम सुटत होते, त्याच शहरात एनुगूच्या पोराने नायजेरियाचा कर्णधार म्हणून चषक वर धरला. राष्ट्रीय एकात्मतेवर नायजेरियात भाषणं पुष्कळ झाली असतील. या एका दृश्याची बरोबरी त्यांतलं एकही करू शकत नाही, असं मला मनापासून वाटतं.

इतका इतिहास सांगितला तो एका प्रश्नासाठी. हा क्लब नेमका कोणाचा?

कागदावर उत्तर सोपं आहे. क्लब सरकारचा. पण कोणत्या सरकारचा? 1970 मध्ये तो ईस्ट सेंट्रल राज्याचा होता, आणि त्या राज्यात जवळजवळ सगळा इग्बो मुलूख येत होता. 1976 मध्ये राज्याचे तुकडे झाले, क्लब अनाम्ब्राच्या वाट्याला गेला. 1991 मध्ये अनाम्ब्रातून एनुगू राज्य वेगळं निघालं, क्लब एनुगूकडे आला. आज इग्बो मुलुखात अबिया, अनाम्ब्रा, एबोन्यी, एनुगू आणि इमो अशी पाच राज्यं आहेत. भाऊबंदकीत शेताच्या वाटण्या व्हाव्यात तशी सातबाऱ्यावरची नावं कमी होत गेली आणि शेवटी एकट्या एनुगूचं नाव उरलं. शेतात घाम गाळणारे मात्र पाचही राज्यांत होते आणि आहेत. ओनिचाचा कापडवाला, अबाचा चप्पल करणारा, ओवेरीची शाळामास्तरीण, लागोसला सुटे भाग विकणारा दुकानदार, यांच्या पोटात रेंजर्स हरला की गोळा येतो. क्लबच्या कारभारात मात्र यांतल्या एकालाही मत नाही.

आपल्याकडे 1948 च्या कूळ कायद्याच्या मागे एक साधी घोषणा होती: कसेल त्याची जमीन. माझं म्हणणं तेवढंच आहे. रेंजर्स त्याच्या सभासदांच्या मालकीचा व्हावा, आणि सभासद होण्याची वाट या पाचही राज्यांतल्या आणि बाहेरच्या प्रत्येक माणसाला खुली असावी.

सरकारच्या बाजूने बोलायला काहीच नाही असं नाही. 1970 मध्ये सरकार नसतं तर क्लब झालाच नसता. वीस पौंडवाल्या माणसाकडे वर्गणी मागायला कोणी कुठल्या तोंडाने गेलं असतं? तेव्हा सरकारी तिजोरीने हात दिला ही तिची पुण्याई, ती नाकारायचं कारण नाही. 1990 मध्ये नायजेरियात व्यावसायिक लीग आली आणि चित्र बदललं. आता खेळाडूला नियमित पगार हवा, प्रवास हवा, दवाखाना हवा. सरकारी क्लबांत हा पैसा अंदाजपत्रकातून येतो, म्हणजे राज्यपालांच्या मर्जीने येतो. तिथला राज्यपाल म्हणजे आपल्याकडचा राजभवनातला नव्हे, निवडून आलेला, राज्याची चावी हातात असलेला माणूस. त्याला फुटबॉलचा नाद असेल तर क्लबला चांगले दिवस. अबियाच्या एन्यिम्बाने ते पाहिले. राज्यपाल ओर्जी उझोर कालू यांच्या काळात या सरकारी क्लबने 2003 आणि 2004 अशी लागोपाठ दोन वर्षं आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग जिंकली, नायजेरियाला ती स्पर्धा पहिल्यांदा जिंकून दिली. सरकारी मालकीची बाजू मांडणारे हे उदाहरण देतात आणि ते खरं आहे. पण नाद असलेला राज्यपाल गेला की पुढच्याला नाद असेलच याची हमी काय? निवडणूक झाली की क्लबचा अध्यक्ष बदलतो, व्यवस्थापक बदलतो. पगार थकणं ही त्या लीगमधली जुनी रड आहे. रेंजर्सने 1984 मध्ये लीग जिंकली, त्यानंतरची जिंकली थेट 2016 मध्ये, इमामा अमापाकाबो यांच्या हाताखाली. मधली 32 वर्षं केवळ सरकारमुळे गेली असं मी म्हणणार नाही. खेळात पडझड होतेच, आणि चांगली पोरं युरोपने उचलली. जे-जे ओकोचा 1990 मध्ये रेंजर्सकडून खेळला आणि त्याच वर्षी जर्मनीला गेला. पण इतक्या वर्षांत क्लबच्या लोकांना कारभाऱ्यांकडे साधा हिशेब मागायची जागा नव्हती, हा दोष सरकारी मालकीचाच.

सरकार नको तर मग कोण? नायजेरियात आज जोर धरणारं उत्तर आहे खासगी मालक. क्लब विकून टाका, उद्योगपती घेऊ देत, तो शिस्त आणेल. या मताला अलीकडे बळही मिळालंय, कारण 2024-25 ची लीग रेमो स्टार्सने जिंकली आणि तो खासगी क्लब आहे. त्याच्या मालकाने बरीच वर्षं चिकाटीने काम केलं, त्याचं कौतुक करायलाच हवं. पण रेंजर्सच्या शेजारीच ओवेरीत याआधी काय घडलं ते पाहावं. तिथला स्पार्टन्स हा इमो सरकारचा क्लब 1985 मध्ये उद्योगपती इमॅन्युएल इवुआन्यान्वू यांच्याकडे गेला. त्यांनी क्लबला स्वतःचंच नाव दिलं, इवुआन्यान्वू नॅशनाल. संघाने 1987 पासून 1990 पर्यंत लागोपाठ चार वेळा लीग जिंकली. 2006 मध्ये तोच क्लब पुन्हा सरकारकडे आला आणि नाव झालं हार्टलँड. मालक बदलला की नाव बदलायचं, हे घराच्या पाटीला चालतं. तीन नावं पाठ केलेल्या चाहत्याने आपल्या नातवाला कुठल्या क्लबची गोष्ट सांगायची?

इबादानचा लेव्हेंटिस युनायटेड तर त्याहून वाईट वाटेने गेला. एका मोठ्या व्यापारी घराण्याचा हा संघ, पैसा भरपूर. 1984 चा चॅलेंज कप आणि 1986 ची लीग त्यांनी झपाट्याने जिंकली. त्यानंतर थोड्याच काळात कंपनीने हात काढला आणि क्लब संपला. अबेओकुटाचा अबिओला बेब्स 1985 आणि 1987 चा चषक जिंकला, तोही मागे उरला नाही. या क्लबांची हार मैदानावर झाली नाही. मालकाचं मन दुसरीकडे गेलं, बस्स. रेंजर्सला वाईट दिवस आले तरी तो आजही उभा आहे, 2024 मध्ये त्याने आठव्यांदा लीग जिंकली, आणि तो तगला यात सरकारी मालकीचा वाटा आहे हे मान्य करायला हवं. सरकार क्लब नीट चालवत नसेल, पण एका सकाळी उठून तो बंदही करत नाही.

मालकाचं मन उठल्याचं आपणही पाहिलंय. पश्चिम आफ्रिकेच्या खेळाडूंशी गोवा आणि मुंबईचं नातं जुनं आहे. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स वर्षानुवर्षं डेम्पोसाठी गोल करत होता, ओडाफा ओकोली चर्चिल ब्रदर्ससाठी, घानाचा युसिफ याकुबू मुंबईत महिंद्रा युनायटेडसाठी. त्यांतल्या महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. डेम्पो पाच वेळा देशाचा विजेता. 2016 मध्ये महासंघाच्या नव्या रचनेवर नाराज होऊन डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली. त्यांची नाराजी रास्त असेलही. पण वर्षानुवर्षं फातोर्ड्याच्या गॅलरीत बसणाऱ्या माणसाला त्या निर्णयाआधी कोणी विचारलं नव्हतं. तो प्रेक्षक होता, मालक नव्हता.

मी वाढलो कोल्हापुरात, आणि माझ्या मतामागे पुस्तकापेक्षा ते गाव जास्त आहे. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे, पेठांचे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावं शाहू स्टेडियमवर ज्या जोरात ओरडली जातात तो जोर कंपनीच्या नावाला येत नाही. सीझनच्या आधी आमच्या दारात तालमीची दोन पोरं यायची. एकाच्या हातात पावतीपुस्तक, कार्बन मळून मळून निळा झालेला. दुसऱ्याच्या हातात जुना बिस्किटाचा डबा. आई कणकेचे हात पदराला पुसत बाहेर यायची आणि एकावन्न रुपये द्यायची, त्याहून कमी कधीच नाही. पावती देवघराच्या खिळ्याला अडकायची. संघ हरला की त्या रात्री आमचे काका कट्ट्यावर जाऊन कारभाऱ्यांना जाब विचारायचे. मैदानात त्यांनी कधी चेंडूला पाय लावला नव्हता, पण पावती त्यांच्या नावाने फाटलेली होती. तो जाब विचारण्याचा हक्क एकावन्न रुपयांत मिळाला होता. आता तालमींनाही बाहेरचे खेळाडू आणायला मोठा पैसा लागतो, नेत्यांचे हात धरावे लागतात, आणि सामन्यानंतरच्या हाणामाऱ्यांनी मान खाली जाते. वर्गणीने सगळे रोग बरे होतात असं मी म्हणत नाही. संघ बंद करायचा म्हटलं तर मात्र पेठच आडवी येईल, एवढं नक्की.

इग्बो समाजाला ही रीत बाहेरून शिकवायची गरज नाही. गावातून बाहेर पडलेल्या माणसांच्या संघटना तिथे गेली शंभर वर्षं गावासाठी पैसे गोळा करतात. शाळा, दवाखाने, रस्ते, हुशार पोरांचं परदेशातलं शिक्षण, सगळं वर्गणीतून. लागोसला राहणाऱ्या माणसाने गावाच्या संघटनेचं देणं थकवलं तर गावी तोंड दाखवायची सोय राहत नाही. युद्धानंतर बँकेने हात झटकले तेव्हा त्यांनी उमेदवारीची जुनी पद्धत वापरून व्यापार पुन्हा उभा केला. पोराने दुकानदाराकडे काही वर्षं राबायचं, आणि मुदत संपली की दुकानदाराने त्याला भांडवल देऊन स्वतःचं दुकान मांडून द्यायचं. ज्या समाजाने वीस पौंडांवरून बाजारपेठा परत उभ्या केल्या त्याला एक फुटबॉल क्लब चालवता येणार नाही, हे मला पटत नाही.

कसं करायचं याचा विचार मी असा करतो. स्टेडियम सरकारचंच राहू दे, दीर्घ मुदतीच्या भाड्याने क्लबला मिळू दे. क्लबमधला लहान हिस्सा एनुगू राज्याने ठेवावा, 1970 च्या उपकाराची जाण म्हणून. बाकी सभासदांचा. सभासदत्वाची वर्गणी अबाच्या चांभाराला परवडेल इतकी, आणि हिस्से कितीही घेतले तरी मत एकच. नाही तर एखादा श्रीमंत हजार पावत्या फाडून क्लब खिशात घालेल. गावोगावच्या संघटनांना, ह्यूस्टन आणि लंडनमधल्यांनाही, सामूहिक सभासद होता यावं. वर्षाचा हिशेब तपासून छापला जावा. जर्मनीत 1998 पासून नियम आहे की क्लब कंपनीत बदलला तरी निम्म्याहून एक जास्त मत सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिलं पाहिजे. असा नियम नायजेरियाच्या लीगनेही करावा.

यावर एक आक्षेप मी गांभीर्याने घेतो. एका जमातीचा क्लब त्याच जमातीच्या हातात दिला तर फुटीच्या राजकारणाला खतपाणी मिळेल, बियाफ्राची मागणी आजही धुमसते आहे. भीती खोटी नाही. पण रेंजर्सचा इतिहास उलट सांगतो. इग्बो मुलुखाबाहेरच्या रिव्हर्स राज्याचा अदोकिये अमिएसिमाका या संघातून खेळला आणि 1980 च्या विजेत्या संघातही होता. या क्लबने माणसांना नायजेरियाच्या लीगमध्ये, नायजेरियाच्या नियमांनी, नायजेरियाच्या चषकासाठी भांडायला शिकवलं. सभासदत्व सगळ्यांना खुलं ठेवलं तर उत्तरेतल्या कानोचा माणूसही पावती फाडू शकेल. माणसाला जिथे मत देता येतं तिथून तो उठून जात नाही.

2019 मध्ये चुकवू आजारी पडला. उपचारांसाठी 50,000 डॉलर लागणार होते, आणि ते दिले लागोसचे अब्जाधीश फेमी ओतेडोला यांनी. त्यांच्या त्या दानतीला माझा नमस्कार आहे. पण इग्बोंच्या चेअरमनसाठी त्याच्या स्वतःच्या क्लबकडे निधी नसावा, कोणा एकाच्या मोठ्या मनाची वाट पाहावी लागावी, हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एप्रिल 2025 मध्ये चुकवू गेला. त्याच्यासाठी एकेक पावती फाडायला लाखो माणसं तयार झाली असती. पावतीपुस्तक घेऊन त्यांच्या दारात जाणारी संस्थाच नव्हती.

ती आता काढावी. आणि पहिली पावती एनुगूच्या सचिवालयात कॅमेऱ्यासमोर फाडू नये. अबाच्या अरियारिया बाजारात, चामड्याच्या आणि डिंकाच्या वासात, चपला शिवणाऱ्या एखाद्या माणसाच्या दुकानापुढे फाडावी, आणि त्याला विचारावं की बचावफळीत पुढच्या हंगामात कोण हवा.